अम्माचे पाय ठीक

१० नोव्हेंबर, सोम.

आज टोटोवाल्याची कॉलर धरली.

फुलमती अम्माला डोळे दाखवायला न्यायचं होतं. मिशनच्या गेटबाहेर दोघं उभे. टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, आला, थांबला, चालवणाऱ्याने खाली तिच्या पायांकडे बघितलं. काळी, रुंद, जाड रबराची मिशनची चप्पल. बनारसमध्ये ही चप्पल कोण घालतं ते शेंबडं पोरही सांगेल. म्हणाला, 'सवारी बैठी है.' मागची सीट रिकामी, माझ्या डोळ्यांसमोर. मग काय. धरली.

अम्मा मागून माझा शर्ट ओढत होती. बोटं वाकडी, पकड नाही, तरी ओढत होती. 'छोड़ा बबुआ. रोज क बात हौ.'

टोटो गेला. दुसरा थांबला नाही. तोवर डोळ्यांचे डॉक्टर उठायची वेळ झाली, तर परत आत.

रूथ, इथली नर्स, व्हरांड्यात उभी राहून सगळं बघत होती. 'झालं समाधान? तुझा राग निघाला, अम्मांचे डोळे राहिले.'

कॉलेजातही हेच. लॅबमध्ये सरांच्या अंगावर धावून गेलो आणि फार्मसी अर्ध्यात सुटली; आता इथे मदतनीस. बाबा अजून यजमानांना सांगतात, 'चिरंजीवांचं शिक्षण चालू आहे.'

१३ नोव्हेंबर, गुरु.

पाय बघायचा दिवस. सोम. आणि गुरु. मिशनच्या कुष्ठबस्तीतले सगळे व्हरांड्यात ओळीने बसतात. पाय कोमट पाण्यात, मग तेल, मग मी एकेकाचा पाय मांडीवर घेऊन तळवा बघतो. भेग, फोड, जखम. शेवटी हाताची उलटी बाजू फिरवायची. जिथे गरम लागेल तिथे आत काहीतरी चाललंय. पहिल्या दिवशी रूथने सांगितलं होतं, 'आपल्याला दुखलं की आपण ओरडतो. हे ओरडणार नाहीत. म्हणून तू बघायचं.'

ती पलीकडे टेबलाशी ड्रेसिंग करत असते. तिथूनच विचारते. 'रामधनी?' ठीक. 'अम्मा?' ठीक. मान वर करून बघतसुद्धा नाही. मी ठीक म्हटलं की ठीक.

घरी माझ्या शब्दावर कुणी पाण्याचा पेलाही हलवत नाही.

तिचं पूर्ण नाव लिहिलं की पेन अडतं. यापुढे नुसतं रू.

१६ नोव्हेंबर, रवि.

आई. सकाळी सकाळी. 'तिथले कपडे वेगळे धुवायचे. आणि आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर.'

म्हटलं, आई, कितीदा सांगू, अम्माचा रोग कधीचाच बरा झालाय. औषध पूर्ण झालं. लागत नाही. उरलंय ते एवढंच की हातापायांना काही कळत नाही.

'मग घरचे का नेत नाहीत तिला?'

यावर ओरडलो. ब्रह्मा घाटावरच्या अख्ख्या गल्लीने ऐकलं असणार. बाबा संध्येला बसले होते, डोळे उघडून एवढंच म्हणाले, 'पाद्री झालास तर आधी कळव.'

बाहेर पडलो तो थेट चर्चच्या पायऱ्यांवर. आत गेलो नाही. उपासना संपल्यावर रू. बाहेर आली, केसांना तेल, हातात तिच्या आजीचं जुनं गीतांचं पुस्तक. ती नगरची. बनारसमध्ये घराबाहेर कुणी माझ्याशी मराठी बोलेल असं वाटलं नव्हतं, आणि बोललं कोण तर मिशनमधली ख्रिस्ती मुलगी. मी म्हणालो, 'तू खाली आहेस का, चहा पिऊन येऊ.' ती हसत सुटली. 'तुझं मराठी म्हणजे हिंदीला लुगडं नेसवलंय.'

दिवसभर तेच डोक्यात. लुगडं नेसवलंय.

१९ नोव्हेंबर, बुध.

अम्माच्या नातीचं लग्न शनिवारी. पूनम. अम्माचा मुलगा मुगलसरायला असतो, तिकडेच मांडव. परवा येऊन निमंत्रण देऊन गेला, गेटबाहेरूनच. अट अशी की अम्माने गावाकडची बुआ, आत्या, म्हणून यायचं. नवरदेवाकडच्यांना काही माहीत नाही.

मी म्हटलं, अशा लग्नाला जाऊ नका. मुलगा कसला तो.

अम्मा म्हणाली, 'पूनमिया के हम गोदी में खेलवले हईं.' संपलं. मग हळूच पाय पुढे केला. 'बाकी ई चप्पल देख के सब जान जइहैं. बाजार वाली ला देबा बबुआ? एक दिन क बात हौ. रूथ बिटिया के मत बतइहा.'

बाजारातली चप्पल इथे कुणाला चालत नाही. हा इथला पहिला नियम. खिळे असतात, तळ पातळ. मला माहीत आहे. तिलाही.

टोटोवाल्याचं तोंड आठवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्र.

घेतली. चौकातून. अम्माचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखून नेला होता, रू. मिशनच्या चपलेसाठी आखते तसाच. दुकानदार म्हणाला, 'माताजी को ले आते.' मी म्हटलं, चालवत नाही.

सोनेरी पट्टे, थोडीशी टाच, पट्ट्यावर एक खोटा मणी. आत हात घालून पूर्ण तळ चाचपला. दोनदा. काही टोचलं नाही.

अम्माने ती उशीखाली ठेवली. उशीखाली! नव्या नवरीसारखं.

रू. ला सांगायला पाहिजे होतं का? ती नाही म्हणाली असती. बरोबरच म्हणाली असती. म्हणूनच नाही सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनि.

दुपारी अम्माला सोडून आलो. मिशनमध्ये सांगितलं, मुलाकडे नेतोय, चप्पल मिशनचीच पायात. कोपरा वळल्यावर बदलली.

आणि टोटो थांबला. हात न दाखवता. पोरगा उतरून म्हणाला, 'आराम से, माताजी.' अम्माने माझ्याकडे बघितलं. शालीत हात लपवलेले, डोक्यावर पदर, पायात सोनं. रस्ताभर तोंड बाहेरच्या बाजूला. मला वाटलं रडतेय. नाही. प्रत्येक खड्ड्याला हसत होती.

मांडवाच्या दाराशी मुलगा म्हणाला, 'आ गइलू बुआ?' स्वतःच्या आईला. मी मुठी वळल्या. अम्मा पुढे होऊन म्हणाली, 'हँ भइया, आ गइली.' आणि आत गेली.

२३ नोव्हेंबर, रवि.

सकाळी आणायला गेलो. अम्माचा आवाज बसलेला. रात्रभर बायकांत गाणी गायली, बिदाईला पूनमच्या मागे सडकेपर्यंत चालत गेली. विहीणबाई म्हणाली म्हणे, बुआ तुमची चप्पल कुठली, छान आहे. हे तिने मला टोटोत चारदा सांगितलं.

कोपऱ्यावर चप्पल बदलताना म्हणाली, तोंड तिकडे कर. म्हातारी लाजते, असं मला वाटलं. वळलो.

२४ नोव्हेंबर, सोम.

नीट लिहिता येणार नाही आज.

पाय बघायला बसलो, तेवढ्यात रू. शेजारी येऊन बसली. खुशीत. म्हणाली, नाताळला नगरला जाणार. तिथे एक जण आहे, शाळेत शिकवतो, त्याच्या घरचे येणार, बहुतेक साखरपुडा करूनच येईन. 'तुला पहिलं सांगतेय हं, काशीकर.'

काशीकर. मला पहिलं.

ती टेबलाकडे गेली. मी कुणाचे पाय धरले, काय बघितलं, आठवत नाही. हात चालत होते. अम्माची पाळी आली तेव्हा तिने पाय नीट पुढे केलाच नाही, मोजा घातलेला. 'ठंडा लगत हौ, रहे दा.' मीही राहू दिलं.

टेबलावरून, 'अम्मा?'

'ठीक.'

इतक्या जोरात म्हणालो की रामधनी दचकला.

२८ नोव्हेंबर, शुक्र.

काल गेलो नाही मिशनला. आजही नाही. भोसले घाटावर बसून राहिलो. तिचा फोन आला, उचलला नाही. मेसेज: 'बरा आहेस ना? तुझी लाईन मी बघते. अम्मा म्हणतात पंडितजी सोमवारी बघून गेले, मग त्यांचे पुढच्या सोमवारी.'

पंडितजी म्हणजे मी, बस्तीत तेच नाव. वाचून एवढंच मनात आलं की ती मला विसरलेली नाही. एवढंच आलं. अम्माचं काहीच नाही आलं.

१ डिसेंबर, सोम.

वास.

अम्माच्या खोलीच्या दारातच. आधी वाटलं उंदीर मेला. मोजा काढला तर तो कातडीसकट...

उजवा पाय, अंगठ्याच्या मागचा गोळा. भोक. आत काळं. पायाला हात लावला, हाताची उलटी बाजू, चुलीला लागावा तसा. अम्मा मला समजावत होती, 'दुखत ना हौ बबुआ, तनिको ना.'

तेच तर.

रू. ला हाक मारली. ती धावत आली, वाकून बघितलं आणि तिचा चेहरा... पाणी आण म्हणाली.

२ डिसेंबर, मंगळ.

खाटेखालून चप्पल काढली. उजवीच्या आतल्या कापडातून खिळ्याचं टोक वर आलंय. दुकानात नव्हतं. रात्रभराच्या चालण्याने, नाचण्याने वर आलं. भोवती सोनेरीवर तपकिरी डाग. अम्माने हे रविवारीच बघितलं होतं. म्हणून म्हणाली होती, तोंड तिकडे कर. मला बोल लागू नये म्हणून मोजा.

सिस्टरनी (त्या इथल्या मुख्य, केरळच्या, कुणावर ओरडत नाहीत) आज रू. ला सगळ्यांसमोर विचारलं, 'एक हफ्ता पैर किसने देखा?' रू. म्हणाली, 'मेरा वार्ड है सिस्टर. मेरी गलती.'

नंतर मला एकट्याला, मराठीत. 'मागच्या सोमवारी तू बघितला होतास ना? मोजा काढून?'

'हो.'

'काहीच नव्हतं?'

'नव्हतं.'

'मग त्यानंतर झालं असेल.' तिने डोळे पुसले. 'गुरुवारी मी बघायला हवं होतं.'

अम्माने सिस्टरना सांगितलंय की लग्नात मांडवात नंगे पाय फिरले, काही रुतलं असेल. आणि मी गेल्यावर माझा हात तिच्या दोन्ही मनगटांत धरून, 'गंगा माई क किरिया खा, चप्पल क बात केहू से ना कहबा. बात फइली त पूनमिया के घर से निकाल दीहैं.'

खाल्ली शपथ.

चप्पल पिशवीत घालून घरी आणली. माळ्यावर, बाबांच्या जुन्या पंचांगांच्या मागे.

५ डिसेंबर, शुक्र.

आता रोज ड्रेसिंग. रू. धुते, मी पाय धरतो. मेलेलं मांस कापताना माझाच पाय आखडतो. अम्मा पान चघळत आमच्या दोघांकडे बघते. आज रू. ला म्हणाली, 'ई पंडितजी के बियाह करा दा कहीं. दिन भर मुँह लटकवले रहलन.' रू. हसली. बऱ्याच दिवसांनी. मी पाय धरून खाली बघत राहिलो.

९ डिसेंबर, मंगळ.

एक्सरे. हाडापर्यंत गेलंय. सर्जन पुढच्या महिन्यात येतात मिशनमध्ये. तोवर औषध, आराम, पाय जमिनीला लावायचा नाही. वाचला तर वाचला. नाहीतर पुढचा अर्धा पाय काढायचा. आणखी वर चढलं तर गुडघ्याखालून.

हे सिस्टर सांगत होत्या तेव्हा अम्मा म्हणाली, 'जेतना बची ओतने ठीक.'

ठीक. हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारू नये.

१४ डिसेंबर, रवि.

रू. ने नगरचं तिकीट रद्द केलं. म्हणाली, अम्मांचा पाय असा टाकून नाही जाणार. मुलाच्या घरचे रागावलेत. 'पायासाठी सोयरीक थांबवते म्हणे. आमच्या मुलापेक्षा कोढीण मोठी का, असं म्हणाली त्याची आई.'

आणि मी?

घरी आलो. आईने पिठलं केलं होतं, दोनदा घेतलं. आई म्हणाली, आज स्वारी खुशीत. तेव्हा कळलं. माझ्या अंगात कुठेतरी दिवाळी चालली होती. अम्माच्या सडत्या पायाने माझं काम केलं.

ताट तसंच टाकून उठलो. आई हाका मारत राहिली.

१७ डिसेंबर, बुध.

एक गोष्ट स्वतःशी साफ लिहायची म्हणतो.

चप्पल वेगळी. ठीक वेगळं.

चप्पल मी अम्मासाठी आणली. गलती, पण तिच्या बाजूने केलेली. तिची शपथ आहे ती चपलेची. पण सोमवारी मोजा काढला असता तर जखम एका दिवसाची होती. धुवून, पट्टी बांधून, महिन्यात भरली असती. ते मी कुणासाठी केलं? रागावलो होतो म्हणून. एका मुलीवर, जिने मला काही कबूल केलं नव्हतं.

आणि ते सांगायला मला कुणाची शपथ आड येत नाही. मी अम्माच्या गुपिताच्या मागे माझं लपवून बसलोय.

साफ लिहिलं. उद्या सांगणार.

१८ डिसेंबर, गुरु.

नाही सांगितलं. तिला सर्दी झाली होती.

(हे कारण आहे?)

२५ डिसेंबर, गुरु.

व्हरांड्यात पताका. सगळ्यांना केक, ब्लँकेट. रामधनीने ढोलक वाजवलं. अम्मा खाटेवर, पाय उशांवर उंच, लाल टोपी घातलेली, येणाऱ्या प्रत्येकाला 'आवा, आवा' म्हणत होती, घरचं लग्न असल्यासारखी. मुलगा आला नाही. पूनमचा फोन आला, चोरून, न्हाणीघरातून बोलत असावी, नळाचा आवाज येत होता. 'बुआ, तोहार चप्पल सब केहू पूछत हौ.' अम्माने फोन माझ्या कानाला लावला होता. ऐकवायला.

रू. ने मला मोजे दिले. स्वतः विणलेले. मोजे!

१ जानेवारी, गुरु.

वर्षारंभाची उपासना सकाळी होती. रू. म्हणाली, ये ना, मागे बस. सतरंजीवर मागे बसलो, रामधनीच्या शेजारी.

यांच्यात एक असतं, साक्ष. गाणी झाल्यावर ज्याला वाटेल तो उठतो आणि गेल्या वर्षात देवाने काय केलं, आपण काय केलं, ते चारचौघांत सांगतो. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी काही विचारत नाही. एका म्हातारीने सांगितलं, तिने सुनेच्या डब्यातली साखर चोरली. सगळे गंभीर.

मग रू. उठली. हिंदीत बोलली. 'मुझ पर एक माँ का पाँव सौंपा गया था. मैंने नहीं देखा. दूसरे के कहे पर भरोसा करके बैठी रही, यह मेरा आलस था. मैं माफ़ी माँगती हूँ.' कुणाच्या सांगण्यावर, ते नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या मनातच नसेल. तिच्या लेखी मी खरंच बघितलं होतं.

बसली. पुढचा कुणी उठेपर्यंत सगळे थांबतात. रामधनीने मला कोपराने ढोसलं. तो गमतीने, पंडितजी, तुमचंही होऊन जाऊ दे.

गुडघे हलले. खरंच हलले. पण मी उठलो तो दाराकडे. बाहेर आलो, सायकलला लाथ घातली, ती चेन उतरून पडली, आणि ती बसवत बसलो, हात काळे करून, आत पुढचं गाणं सुरू होईपर्यंत.

४ जानेवारी, रवि.

सांगितलं.

पट्ट्या गुंडाळत होतो दोघं, गच्चीवर. उकळून वाळवलेल्या. एक टोक माझ्या हातात, ताणून धरायचं, ती तिकडून गुंडाळत गुंडाळत माझ्याकडे येते. लांब पट्टी होती. ती पार त्या टोकाला होती तेव्हा म्हणालो, 'त्या सोमवारी मी अम्मांचा मोजा काढलाच नव्हता.'

तिचे हात थांबले नाहीत.

'तू नगरचं सांगितलंस. माझं डोकं फिरलं. न बघता ठीक म्हणालो. नंतर तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो.'

गुंडाळत आली. अगदी जवळ आली. माझ्या चिमटीतलं टोक काढून घेतलं, पट्टी बांधून टोपलीत टाकली. दुसरी घेतली. टोक मला दिलं नाही. एका बाजूने कठड्याला अडकवलं.

ती पट्टी गुंडाळून झाल्यावर, 'नगरला जाणं रद्द केलं तेव्हा तुला बरं वाटलं?'

मी टोपलीतल्या पट्ट्या नीट लावायला लागलो.

'बोल ना. खरं बोलायला बसलायस ना आज?'

'वाटलं.'

तिने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मग म्हणाली, 'मी सगळ्यांसमोर उठून माफी मागितली, मुकुंद. तू मागे बसला होतास.' पहिल्यांदा मुकुंद म्हणाली. काशीकर नाही.

खाली जाताना, 'सिस्टरना तू सांग. मी नाही सांगणार. माझं काम नाही ते.'

माझं तिच्यावर प्रेम आहे हे तिला आता कळलं, ते असं.

९ जानेवारी, शुक्र.

सिस्टर चष्मा पुसत होत्या. सगळं ऐकलं. न बघता ठीक म्हटल्याचं सगळं सांगितलं. चपलेचं नाही, शपथ आहे. 'किसी ने बाज़ार से कुछ लाया था?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यह मैं नहीं बता सकता. त्यांनी परत विचारलं नाही. कळलं असणार.

मी म्हटलं, उद्यापासून येत नाही.

'क्यों?'

'मतलब... आप मुझे निकालेंगे ना.'

'तुमको निकालने से पैर अच्छा होगा?' चष्मा घातला. 'पहले मालूम नहीं था तुम झूठ बोलता है. अब मालूम है. सोमवार को टाइम पर आना.'

बाहेर आलो आणि भिंतीवर मूठ मारली. काढायला हवं होतं. ओरडायला तरी हवं होतं. मग मी घाटावर जाऊन दोन दिवस बसलो असतो, आणि फिटलं असं वाटलं असतं. तेच त्यांना द्यायचं नव्हतं बहुतेक.

१२ जानेवारी, सोम.

वेळेवर गेलो. पाय बघितले. रू. मला पाय बघायला देते, पण आता टेबलाशी बसून विचारत नाही. मी एक पाय खाली ठेवला की येते, स्वतः परत बघते, जाते. ओळीतल्या सगळ्यांना दिसतंय. रामधनी म्हणाला, 'अब डबल चेकिंग हौ?' कुणी हसलं नाही.

सर्जन बघून गेले. परवा ऑपरेशन. अर्धा पाय नक्की. गुडघ्याखालून की नाही, ते कापल्यावर आत काय दिसेल त्यावर.

अम्माला सगळं सांगितलं. ठीक म्हटल्याचंही. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, 'हम जानत रहली बबुआ. मोजा त हमहीं पहिनले रहली.' म्हणजे तिची चूक? मी ओरडलो, नाही अम्मा, तुमची नाही. तर मलाच थोपटायला लागली. अशी माफी मला नको. पण मागितलीय, मिळालीय, आता परतही करता येत नाही.

१४ जानेवारी, बुध.

संक्रांत. इथे खिचडी. आई सकाळी काही न बोलता डबा पुढे ठेवून गेली. तिळगूळ. वर एक लहान पुडी वेगळी, 'त्या तुझ्या अम्माला.' आईने. स्वयंपाकघरातून. मी बघत राहिलो, तर म्हणाली, 'उभा काय, जा.'

अम्माचं ऑपरेशन दुपारी, म्हणून तिला काही खायचं नाही. तिळगूळ उशीखाली ठेवला. उशीखाली. तिथे पूर्वी काय होतं ते आम्हा दोघांना आठवलं, कारण ती म्हणाली, 'ऊ चप्पल कहाँ हौ?'

'माझ्याकडे.'

'फेंकिहा मत. फागुन में पूनमिया क दोंगा हौ.' दोंगा, म्हणजे माहेरून दुसरी पाठवणी. मग खाली बघितलं, उशांवरच्या पायाकडे, आणि खुदकन हसली. 'एक ठे त काम आई न.'

ती थट्टा करत नव्हती. ती जाणार. तिला परत तसंच जायचंय, टोटोवाल्याने माताजी म्हणावं असं. आणि परत मलाच सांगणार. काठीवर, एका पायात सोनेरी चप्पल, आणि ती आणून देणारा मी. मी हो म्हणालो नाही. नाही असंही नाही म्हटलं गेलं. तिच्या तोंडावर नाही म्हणणारा मी कोण? आणि हो म्हणणारा तरी कोण.

स्ट्रेचर यायला वेळ होता. म्हटलं, अम्मा, डावा पाय बघू. आज बुधवार, पाय बघायचा दिवस नाही. ती म्हणाली, ऊ त ठीक हौ. मी म्हटलं, बघू तर.

मोजा काढला. पाणी नव्हतं, तेल नव्हतं, नुसता हात. टाच, कडा, बोटांच्या मधे. भेग नाही, फोड नाही. हाताची उलटी बाजू फिरवली. करंगळीच्या खाली थांबलो. गरम? इतके दिवस सगळा भार याच पायावर. की बाहेर थंडी आहे आणि माझाच हात गार? परत फिरवली. कळेना. खरंच कळेना.

दारातून रू. जात होती, ऑपरेशनचे कपडे हातात. थांबली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने स्वतःहून विचारलं.

'अम्मांचा डावा?'

जिभेवर तोच शब्द आला. सवयीने.

म्हटलं, 'येऊन बघ.'

ती दारातच उभी. माझ्याकडे नाही, पायाकडे बघत. मग कपडे खाटेवर ठेवले, वाकली आणि माझ्या हाताच्या बाजूला, करंगळीखाली, स्वतःच्या हाताची उलटी बाजू टेकवली. डोळे मिटून. बराच वेळ.

'काय?' मी विचारलं.

'थांब,' ती म्हणाली. 'हात काढू नकोस.'